नसलेल्या पानांतला चष्मेवाला

शुभा,

तू गेलीस हे मला आधी खरंच वाटलं नाही. दुःखाने नव्हे, संशयाने. त्या सकाळी तुझ्याच नंबरवरून आपल्या ग्रुपवर मेसेज आला, ‘शुभांगी आज पहाटे गेली.’ खाली कुणाचं नाव नाही, अंत्यविधी कधी, कुठे, काही नाही. मला वाटलं, तुझा फोन कुणीतरी हॅक केला. आता पाठोपाठ अमुक खात्यात पैसे पाठवा म्हणून येणार. मी ग्रुपवर लगेच लिहिलंसुद्धा, ‘कुणीही कसलीही लिंक उघडू नका.’ मग चपला अडकवून एक मजला खाली उतरले. तुझ्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि दार सताड उघडं होतं.

तो मेसेज तुझ्या नवऱ्याने, दिनकरभाऊजींनी टाकला होता. बिचाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर काहीतरी लिहिलं आणि त्याला मी फसवणूक ठरवलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. ‘मंदे, तू माझ्या मरणाचीपण चौकशी लावलीस!’ लावली. विमा कंपनीत माझी सगळी नोकरी दावे तपासण्यात गेली. माणूस खरंच मेलाय की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळायचा. सवय जात नाही.

तुझ्यावर तर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. आई गेली, नोकरी संपली, आणि माझ्या हातात नुसत्या दुपारी उरल्या. तेव्हा तू लिफ्टमध्ये मला गाठलंस. ‘मंदाताई, तुम्ही काय वाचता?’ मी म्हटलं, ‘वर्तमानपत्र. तेही खात्री करून.’ दुसऱ्या दिवशी तू दारात हजर, हातात एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. ‘सवलतीत मिळाली. तुमच्यासाठीच घेतली.’ ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्यासाठी पुस्तक का घेते? मी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. आत एखाद्या योजनेची पत्रकं असतील, महिन्याभरात ही मला कसली तरी भिशी किंवा भांडी विकायला येईल, अशी माझी खात्री होती. महिना गेला, वर्ष गेलं, आपण ताई-तुम्हीवरून अगं-तूवर आलो, आणि तू काहीच विकलं नाहीस. त्याने माझा संशय कमी झाला नाही. तू फार लांबचा डाव खेळतेयस एवढंच मला वाटत राहिलं.

तुझा ग्रुप, ‘दुपारच्या कादंबऱ्या’. स्टेशनपलीकडच्या मंगल कार्यालयात लग्नाची तारीख नसली की हॉलमध्ये राणेकाकांचं पुस्तक प्रदर्शन लागायचं. तू तिथे सकाळीच जाऊन बसायचीस आणि दुपारी तुझा आवाज यायचा, ‘मैत्रिणींनो, आजची सवलत. एक सरदार, दोन बायका आणि तिसरीवर जीव. शेवट रडका आहे, पण रडून बरं वाटेल असा. कव्हरवर जाऊ नका, कव्हरवरच्या बाईचा आतल्या गोष्टीशी काही संबंध नाही.’ किंवा, ‘ही प्रेमकथा आहे. नायक शंभराव्या पानापर्यंत मूर्ख आहे, धीर धरा.’ ऐकताऐकता बायका पिशवी उचलून निघायच्या. मीही निघायचे. तुला राणेकाका काय देतात, हे बघायला.

पण तुझी खरी करामत टेबलाखालच्या खोक्यात होती. पुस्तकं सोळा सोळा पानांच्या जुडग्यांनी बांधतात, त्याला फर्मा म्हणतात, हेही मला तूच सांगितलंस. बांधताना एखादा फर्मा गळतो आणि एकशे बारा पानावरून वाचणारा थेट एकशे एकोणतीसवर जाऊन पडतो. असली पुस्तकं राणेकाका जवळजवळ फुकटात द्यायचे, तरी कुणी घ्यायचं नाही. तू घ्यायला लावलंस. ‘एक फर्मा नाहीये, पण घ्या. तिथवर आलात की मला फोन करा. गेलेली पानं मी सांगीन.’ आपल्या बायका त्याला खड्डा म्हणायला लागल्या. मुंबईच्याच ना त्या, खड्ड्यांची सवय होती. दुपारी जेवणं उरकली की कुणाचा ना कुणाचा फोन, ‘शुभाताई, खड्डा आला.’ आणि तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून नसलेली पानं सांगायचीस.

माझा पहिला खड्डा मला शब्दन् शब्द आठवतो.

‘कुठवर आलीस?’ तू विचारलंस.

‘किल्ल्याला वेढा पडलाय. किल्लेदाराची विधवा बहीण धान्याच्या कोठारात गेली आणि पान संपलं.’

‘हां. ऐक. ती कोठारातून बाहेर येते, तर जिन्यात तो उभा.’

‘तो कोण?’

‘कारकून गं. किल्ल्यावरचा.’

‘हा आत्तापर्यंत कुठे होता?’

‘होता. तुझं लक्ष नव्हतं.’ मग तुझा आवाज खाली गेला. ‘तो तिच्याकडे बघत नाही. चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, परत लावतो. आणि तरीही बघत नाही.’

‘थांब, थांब. चष्मा? वेढ्यात?’

‘फिरंगी व्यापाऱ्याने दिला असेल.’

‘असेल म्हणजे? पुस्तकात आहे की नाही?’

‘मंदे, समोर माणूस उभा आहे आणि तू चष्मा काय बघतेस?’

तू सांगत राहिलीस. ती त्याला विचारते, तुम्ही काही बोलणार आहात का. तो म्हणतो, ‘उशीर झालाय, निघतो,’ आणि जिना उतरून जातो. ती तिथेच उभी राहते, खालचं दार वाजेपर्यंत. तू थांबलीस. फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. माझे डोळे भरून आले होते, आणि गॅसवर काही फोडणीही नव्हती की तिच्यावर ढकलता यावं.

पुढे आख्खी कादंबरी वाचली. तो कारकून औषधालाही नव्हता. तुला विचारलं तर म्हणालीस, ‘मेला गं वेढ्यात.’

तेव्हापासून मी तुझ्या मागे लागले. तू म्हणायचीस की पूर्ण प्रत तू लायब्ररीत वाचलीस. मी लायब्ररीत जाऊन आले, त्यांच्याकडे ते पुस्तकच नव्हतं. तू म्हणालीस, मग माहेरी वाचलं असेन. माहेर तुझं दहिसरच्या चाळीत, ती चाळ पाडून तिथे टॉवर झालेला. साक्षीदार गायब करण्यात तू पटाईत होतीस. त्यानंतरही मी खड्ड्याची पुस्तकंच मागून घेत राहिले, आणि ती तपासासाठी घेते असं स्वतःला सांगत राहिले. खरं सांगते शुभा, दुपारी तुला फोन करायला कारण लागायचं. तू नसतीस तर त्या दुपारींनी मला गिळलं असतं. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण मग तू लाडात आली असतीस.

आपण शेवटच्या भेटलो त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर आपलं वाजलं. मी म्हटलं, ‘तू ती पानं वाचलेलीच नाहीस. एकही नाही. तू चक्क थापा मारतेस.’ तू पाय हलवत बसली होतीस, चिडलीसुद्धा नाहीस. ‘तुझा धंदाच आहे ना तपासायचा? मग पुरावा आण. मग बोलू.’ वर जाताना लिफ्टचं दार धरून पुन्हा म्हणालीस, ‘आण हां नक्की.’ आणि दोन-तीन दिवसांत झोपेतच गेलीस. छातीत दुखतंय हे कुणाला बोलली नव्हतीस. नंतर भाऊजींना गोळ्यांची पट्टी सापडली. म्हणजे इथेही लपवाछपवी. शुभा, मला तुझा इतका राग आला की पहिले काही दिवस मला रडताच आलं नाही.

पुरावा मी आणला. तुझ्यामागे पहिलंच प्रदर्शन लागलं तेव्हा गेले. राणेकाकांनी मला बघितलं आणि टेबलामागून उठून उभे राहिले. ‘बाई गेल्या, माका इश्वास बसना नाय,’ म्हणाले. मी इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. ‘काका, शुभाला तुम्ही कमिशन द्यायचात का?’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ‘कमिशन? अवो, ती चाय सुदा घराकडसून हाडी. माका पण पाजी.’

‘मग ती पानं तिला कशी माहीत? तुम्ही सांगायचात?’

‘माका वाचूक येळ खंय आसा? मी फकस्त इकतंय.’

मग मी शोधायला लागले. सगळी टेबलं पालथी घातली आणि माझ्या वेढ्याच्या कादंबरीची, त्याच कव्हरची, संपूर्ण प्रत मला मिळाली. उभ्याउभ्याच एकशे तेरावं पान काढलं. शुभा, त्या सोळा पानांत काय आहे माहितीये? कोठारातली ज्वारी, नाचणी, दारूगोळा, टाक्यात पाणी किती उरलंय आणि कुठली तोफ कुठल्या बुरुजावर आहे. ती बाई कोठारातून बाहेर येते आणि सरळ भावाकडे जाऊन हे सगळं सांगते. जिना नाही. कारकून नाही. चष्मा तर नाहीच.

आयुष्यभर हा क्षण मला आवडत आला. दावा खोटा, फाईल बंद. पण तिथे लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या, त्यातली एक ओढून मला बसावं लागलं. पुरावा हातात होता आणि ज्या बाईपुढे तो आपटायचा ती नव्हती. तिथे, राणेकाकांच्या समोर, मी हमसून हमसून रडले. त्यांनी पंखा तेवढा माझ्याकडे वळवला.

नंतरच्या रविवारी दुपारी आपला ग्रुप तुझ्या घरी जमला. भाऊजींनीच बोलावलं होतं, ‘तिची पुस्तकं कुणाला हवी असतील तर बघा’ म्हणून. घाटकोपरहून कांबळे मॅडम आल्या होत्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. आपल्या बी विंगमधली ज्योती होती, आणखीही दोघीतिघी. भाऊजी आत चहा ठेवत होते. मी हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, ज्वारी-नाचणीचं. मला वाटलं, सगळ्या चाट पडतील.

कांबळे मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘मला माहीत होतं. माझ्या कादंबरीतल्या दरबारी हकिमाला तिने चष्मा लावला होता. वर तो अंगरख्याने पुसायला लावला. पंचवीस वर्षं इतिहास शिकवलाय मी, पण गप्प बसले. गोष्ट चांगली होती हो.’

माझ्या हातातलं पुस्तक खाली आलं. ‘कुठे पुसत होता?’

‘कुठे म्हणजे? जिन्यात.’

‘अगं बाई,’ ज्योती म्हणाली. ‘माझावाला तर चहाच्या मळ्यातला मॅनेजर होता. आत्ताच्या काळातला, म्हणून मला चष्म्यात काही वाटलंच नाही. तोपण जिन्यात. तोपण “उशीर झालाय, निघतो” म्हणाला. यार, वाट लागली!’

एकेकीने आपापला खड्डा सांगितला. सरदार, दर्यावर्दी, वकील, कुणी फाशी जाणारा क्रांतिकारक. प्रत्येकीच्या जिन्यात तोच उभा होता, चष्मा पुसत, न बघता. मग आपोआप आमच्या सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे गेल्या. भाऊजी कप मांडत होते. भाऊजींना चष्मा नाही. या वयातही पेपर हातभर लांब धरून वाचतात आणि लागत नाही म्हणतात.

‘कोण गं तो?’ ज्योती कुजबुजली.

‘गप,’ कांबळे मॅडम म्हणाल्या.

मला मात्र गप्प राहता येईना, निदान मनातल्या मनात. चाळीतला असणार. तुझ्या चाळीच्या जिन्यात दिवा नव्हता असं तू एकदा सहज बोलून गेली होतीस. शिकवणीचा मास्तर? भावाचा मित्र? की इथलाच कुणी? मी आपल्या सोसायटीतले झाडून सगळे चष्मेवाले डोळ्यांखालून घातले. राणेकाकांनाही सोडलं नाही, पण त्यांचा चष्मा दोरीला बांधलेला असतो आणि तो त्यांनी कधी पुसल्याचं बघितलेलं नाही. मग असंही वाटलं की असा कुणी नव्हताच. तुला दुसरा नायक सुचतच नसेल, म्हणून तोच फिरवून फिरवून सगळ्यांना दिलास. पण तसं असतं तर सांगताना तू थांबली नसतीस. खालचं दार वाजेपर्यंत ती उभी राहते, म्हणालीस. हे रचलेलं नाही. खोटं बोलणाऱ्यांची जबानी मी पुष्कळ ऐकली आहे, तिच्यात दार वाजत नाही.

आणि वाईट कशाचं वाटलं सांगू? असा कुणी होता याचं नाही. एवढं मनात होतं तर सरळ मलाच का नाही सांगितलंस? मी एकटी बाई, एक मजला वर. कुणाला सांगणार होते मी? का मी उलटतपासणी घेईन याची भीती वाटली? घेतली असती. पण ऐकलंही असतं ना गं.

चहा झाला. बायका एकेक करून उठल्या, जमतील तेवढी पुस्तकं घेऊन गेल्या. मी कप उचलून आत ठेवायला गेले तर भाऊजी ओट्याला टेकून उभे होते. तुझं स्टूल रिकामंच होतं.

‘मंदाताई, बसा जरा,’ ते म्हणाले. ‘एक विचारायचंय.’

मी बसले नाही.

‘दुपारी मी आतल्या खोलीत झोपायचो ना, म्हणजे तिला तसं वाटायचं. मी झोपायचो नाही. ऐकत पडायचो. ती फोनवर तुम्हां सगळ्यांना गोष्टी सांगायची. मला अर्धं ऐकू यायचं. पंखा लावलेला असायचा.’

‘हो का.’

‘मी कारखान्यातला माणूस. लेथवर जन्म गेला. मला काय कळतंय कादंबऱ्यांतलं? ती मला सांगायचीही नाही.’ त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. ‘तुम्ही खरं बोलता. सगळी सोसायटी म्हणते, मंदाताई तोंडावर खरं बोलतात. म्हणून तुम्हालाच विचारतो. त्या गोष्टींत कुठे मी असायचो का?’

शुभा, असं कुणी कुणाला विचारतं का? तू त्या माणसाबरोबर जन्म काढलास. त्यांना किती ऐकू आलं होतं? चष्मा ऐकू आला होता का? ते मला चाचपत होते की खरंच विचारत होते? मी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि पहिल्यांदाच मला काहीही ओळखता आलं नाही. एवढंच कळत होतं की मी ‘नाही’ म्हटलं तर हा माणूस ते खरं धरणार, कारण ते मी म्हटलं.

‘असायचात,’ मी म्हटलं.

‘कुठे?’

अगदी मीच विचारला असता असा प्रश्न. मी तुझ्या स्टुलावर बसले.

‘माझ्या कादंबरीत. किल्ल्याला वेढा पडलेला असतो. एक लोहार असतो. तोफेचा गाडा मोडतो तो दुरुस्त करणारा. फार बोलत नाही. सगळे किल्ला सोडून उतरायला लागतात, पण हा हातातलं काम टाकून जात नाही. किल्लेदाराची बहीण त्याच्याकडे येते.’

भाऊजी हलले नाहीत. ‘मग?’

‘मग ती म्हणते,’ मला काही सुचेना, कादंबरीत बायका बोलतात तसं मी काहीतरी बोलून गेले, ‘ती म्हणते, तुम्ही होतात म्हणून मी या किल्ल्यावर निर्धास्त राहिले.’

त्यांनी फडक्याची पुन्हा घडी केली. मग मान हलवून म्हणाले, ‘ती असं नाही बोलायची.’

माझी चोरी पकडली गेली होती. मला धड खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी विचारलं, ‘मग काय म्हणायची?’

‘“हात धुवा आणि जेवायला बसा, गार होतंय.” इतकंच. रोज.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तसंच म्हणाली. माझीच चूक झाली सांगताना.’

भाऊजींनी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. फडकं मांडीवर ठेवलं.

‘पुढे सांगा,’ म्हणाले.

पुढचं माझ्याकडे काहीच नव्हतं, शुभा. तरी मी सांगत राहिले.